सवय सोपी आहे म्हणता, पण करणार कोण?



हरभरा सोंगणीला आला, पऱ्हाटी उपटणं चालू आहे आणि दुपारचं ऊन आत्ताच डोक्याला लागायला लागलं. वावराच्या नोंदी बऱ्याच साचल्या आहेत, पण आज घरातलं लिहितो. 23 फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती झाली. दरवर्षीसारखे नवेकोरे झाडू आले, फोटो निघाले, भाषणं झाली. यंदा भाषणात एक भर होती, पर्यावरणासाठी घरात लावायच्या सोप्या सवयी. पाणी जपून वापरा, ओला कचरा सुका कचरा वेगळा करा, कापडी पिशवी वापरा, भाजी धुतलेलं पाणी झाडाला घाला, अन्न वाया घालवू नका, जुने कपडे पुन्हा वापरा.

ऐकायला बायाच जास्त होत्या. उठता उठता एक काकू बोलल्या, "पानी भरतो आमी, अन् वाचवाले सांगते आमालेच. सोपं हाय म्हन्ते, तं एक डाव तुमी करून पाहा ना बाप्पा." लोक हसले आणि विषय संपला. पण मला त्या दिवसातलं तेच एक वाक्य मुद्द्याचं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

ती यादी परत वाचा. कचरा वेगळा करणं, पाणी दुसऱ्यांदा वापरणं, जुन्या लुगड्याची थैली शिवणं, उरलेल्या भाकरीचं काहीतरी करणं, राखेनं भांडी घासणं. यातलं प्रत्येक काम घरातली बाई करते. तिच्या दिवसात आधीच पाणी आहे, स्वयंपाक आहे, गुरं आहेत, निंदण-वेचणीची मजुरी आहे. त्यावर आणखी पाच-सहा कामं आपण "सवय" म्हणून ठेवतो आणि वरून सोपी म्हणतो. अशा सवयी आठ दिवस टिकतात. नंतर बंद पडल्या की "आपल्या लोकांना शिस्तच नाही" असं म्हणायला आपण मोकळे.

माझं मत सरळ आहे. घरातली सवय टिकवायची असेल तर दोनच रस्ते. एक तर तिनं घरातलं काम कमी झालं पाहिजे. नाही तर जे काम वाढतं ते घरातल्या पुरुषानं आणि पोरांनी अंगावर घेतलं पाहिजे. तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

गाडगेबाबांचं नाव घेतलंच आहे तर त्यांच्याकडेच पाहू. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्म. बाप लहानपणीच गेला, मग मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. गुरं राखली, वावर कसलं. म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची माती त्यांच्या पायाला लागलेली. 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडलं. पुढं गावोगाव फिरले तेव्हा जवळ काय होतं? अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, हातात झाडू आणि एक मातीचं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर. आजकाल कमी वस्तूंत जगण्याची शिबिरं भरतात म्हणे, फी घेऊन.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते गाडग्यापेक्षा झाडू. त्या काळात अंगण झाडणं बाईचं काम आणि गावातली घाण काढणं ठरावीक जातीचं काम. हा माणूस गावात आला की आधी स्वतः रस्ता झाडायचा, दिवसभर झाडायचा, आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचा. कोणाच्या दारात भाकर मागायची तर आधी त्या घरचं काहीतरी काम करायचं, मग खायचं. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी जत्रा भरते, तिथंही त्यांनी हेच केलं. सांगण्याआधी करणं, आणि जे काम आपलं नाही असं पुरुष समजतात तेच करणं. 2000-01 मध्ये सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्यात कितीतरी गावं चकाचक झाली. ज्या गावांत पुरुष मंडळी खराटा घेऊन उतरली तिथं ते काही वर्षं टिकलं. जिथं बक्षिसापुरतं होतं तिथं तपासणी झाली की संपलं. हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ. पहिली गोष्ट पाणी.

आमचं गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधात, खारपाणपट्ट्यात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली सुमारे 900 गावं या पट्ट्यात येतात. खोल काळी माती आणि खाली खारं पाणी. विहीर खोदा, बोअर घ्या, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. म्हणून इथली शेती बहुतेक पावसावर आणि पिण्याचं पाणी लांबच्या धरणावरून पाइपानं. नळ रोज येत नाही. कधी चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा.

नळ आला की काय होतं ते पाहा. बाई आधी घरातले गुंड, माठ, टाक्या रिकाम्या करते. काल-परवाचं पाणी अंगणात ओतते, कारण ते "शिळं" झालं. मग ताजं भरते. चार दिवस जपून वापरलेलं पाणी नळाच्या दिवशी बकेटीबकेटीनं नालीत जातं. एकेका घरी पन्नास-साठ लिटर सहज. आमच्या गल्लीत वीस घरं आहेत, हिशोब तुम्हीच करा. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. धरणातलं पाणी तर मागच्या पावसाळ्यातलं असतं, त्याला कोणी शिळं म्हणत नाही.

ही सवय बदलली तर पाणी वाचतं आणि भरण्याचं कामही कमी होतं, म्हणून ती टिकते. आमच्याकडे आता असं आहे की उरलेलं पिण्याचं पाणी वेगळ्या टाकीत ओततो, ते वापरायला घेतो, आणि रिकामा माठ घासून भरतो. आठवड्यातून एकदा भांडं कोरडं करणं मात्र सोडू नका, डेंग्यूचा डास झाकणाच्या फटीतूनही आत शिरतो. आरोग्यसेविका कोरडा दिवस पाळायला सांगतात तो त्यासाठीच. पण त्या दिवशीचं पाणी कपड्याला घ्या, गुरांना पाजा, नालीत कशाला?

आता शहरातल्या यादीत एक सवय हमखास असते. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना घाला. घरगुती आरओ एक लिटर गाळलेलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, तेव्हा ते वाया जाऊ नये हे खरंच आहे. अकोला-अमरावती शहरात, जिथं काटेपूर्णा किंवा अप्पर वर्धा धरणाचं गोडं पाणी येतं, तिथं कुंडीला घातलं तर फार बिघडणार नाही. पण खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर बाहेर पडणारं पाणी मूळच्या पाण्याहून जास्त खारं असतं. ते परसातल्या लिंबाला घातलं की पानांच्या कडा जळतात आणि माती चोपण होते. फरशी पुसा, संडासला वापरा, पण मातीत ओतू नका. कपड्याच्या पावडरीचं पाणीही तसंच. त्यात सोडा असतो आणि आपल्या काळ्या मातीला सोडियम आधीच जास्त झालं आहे. वावरात जिप्सम टाकून माती सुधारायची आणि घरामागं साबणाचं पाणी सोडून ती बिघडवायची, याला काय अर्थ? भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी केळीला, अळूला घाला. कपड्याचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. दुसऱ्या प्रदेशातली चांगली सवय आपल्या मातीत चांगलीच ठरेल असं नसतं, एवढं लक्षात घ्या.

मग आपल्या मातीतली सवय कोणती? मला विचाराल तर छपराचं पाणी. पाऊस हे या पट्ट्यातलं एकच गोडं पाणी आहे जे थेट आपल्या दारात येतं. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वीस बाय पंचवीस फुटांचं टिनाचं छप्पर म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरा, बऱ्याच वर्षी त्याहून जास्तच पडतो. झाले 32 हजार लिटर. पहिल्या पावसाचं धुवण, उडालेलं, सांडलेलं सोडून द्या, 25 हजार तरी उरतं. आता पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 25 लिटर लागतं असं धरलं तर वर्षाचं झालं नऊ हजारांच्या वर थोडं. म्हणजे एका घराच्या छपरावरून जेवढं पाणी वाहून नालीत जातं, त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात त्या घराचं वर्षभराचं पिणं भागतं.

सगळं साठवायला टाकी मोठी लागते, हे खरं. पण पाच हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर ती 200 दिवस चालते. सप्टेंबर अखेरीस भरली तर एप्रिलच्या मध्यापर्यंत. वीस लिटरच्या कॅनमागं कॅन आणायचं बंद. पन्हाळ, पाइप, पहिलं पाणी बाहेर सोडायला एक चावी, रेती-गिट्टी-कोळशाची गाळणी आणि घट्ट झाकण, एवढंच. पिण्याआधी उकळा नाही तर क्लोरीनचे थेंब टाका. टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरतं. आता यात बाईवर काम किती वाढलं? काहीच नाही. उलट कमी झालं. पावसाळ्याआधी छप्पर झाडणं, गाळणी धुणं ही कामं वर्षातून एकदा-दोनदा, आणि शिडीवर चढायचं काम पुरुषाचं असं आपण समजतोच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

दुसरी गोष्ट पन्नी. ही नोंद मी मुद्दाम शेतकऱ्यांसाठी लिहितो.

वैशाखात आपण उकिरडा उकरतो आणि शेणखताची ट्रॉली भरून वावरात नेतो. त्या खतात काय काय असतं ते एकदा पसरताना नीट पाहा. शाम्पूच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, लेकरांचे डायपर, कुरकुऱ्याची पाकिटं, दाढीचं ब्लेड. घरातून जे उकिरड्यावर गेलं ते वर्षभरानं वावरात आलं. पन्नी कुजत नाही, तिचे तुकडे होतात. वखराच्या पासेला गुंडाळते, डवऱ्याला अडकते, सरीत पाणी अडवते, आणि गाय-बकरी चरताना पोटात जाते. आधी आपल्या बापजाद्यांचं शेणखत म्हणजे शेण, कुटार, राख आणि पालापाचोळा. त्या खताला वावराच्या मातीत जीव होता. आता खताबरोबर आपण पन्नीही पेरतो.

राज्यात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, जुलै 2022 पासून देशात काही वस्तूंवर बंदी आली. आठवडी बाजारात भाजी अजून पन्नीतच मिळते. शहरातली पन्नी घंटागाडीतून अमरावतीच्या सुकळीला नाही तर अकोल्याच्या नायगावला जाते, तिथं तिचे डोंगर झाले. गावात घंटागाडी नाही, म्हणून आपला डोंगर वावरात पसरतो, दिसत नाही एवढंच.

उपाय सांगतो, तो अगदी साधा. युरियाचं रिकामं पोतं धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवा. न कुजणारं सगळं त्यात. उकिरड्यावर फक्त जे गाय खाते किंवा माती खाते ते. एवढी एकच ओळ घरात सांगा, "जे माती खाईन थे उकिरड्यावर, बाकी पोत्यात." ओला-सुका, लाल-हिरवा डबा याची गरज नाही, लेकरालाही कळतं. पोतं भरलं की त्यातलं दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे भंगारवाला नेतो. चकचकीत पाकिटं कोणी नेत नाही, ती ग्रामपंचायतीनं गोळा करून पुढं पाठवायची असतात. तुमची ग्रामपंचायत करत नसेल तर ग्रामसभेत विचारा, पोतं घेऊनच जा. पण पोतं रिकामं करायचं काम पुरुषाचं, हे पक्कं ठरवा. ज्याचं वावर त्याचं पोतं.

आणि पन्नीचा दोष फक्त चुलीपाशी शोधू नका. वावरात पन्नी वेचत फिरा म्हणजे समजेल, त्यातली कितीतरी पुरुषांच्या खिशातून पडलेली असते. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण धुऱ्यावर सगळ्यात जास्त सापडते ती त्याचीच पुडी. पाण्याच्या पाऊचचंही तेच. वेचणीच्या दिवशी कापसात पन्नीचा तुकडा गेला तर जिनिंगवाला भाव पाडतो, तेव्हा मात्र आपण वेचणाऱ्या बाईला बोलतो.

बाजारात जाताना थैली नेणं हीसुद्धा पुरुषाची सवय. आपल्याकडे आठवडी बाजार बहुतेक घरी माणूसच करतो. गाडीच्या डिक्कीत दोन थैल्या कायमच्या ठेवा. त्या शिवायला घरात सांगण्याआधी पहिल्या दोन विकत घ्या, मरत नाही कोणी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सवयीत बसवू नका. फवारणीच्या औषधाचे डबे आणि कॅन धुऊन घरात वापरणं. तेलाला, रॉकेलला, पाण्याला, कशालाच नाही. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेच विष त्या डब्याच्या कडेला असतं. तीनदा धुवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच घाला, डब्याला भोक पाडा आणि वेगळा ठेवा. काटकसर चांगली, पण इथं नाही.

तिसरी गोष्ट जळतण. इथं जुन्या सवयीचं कौतुक करताना जरा थांबावं लागतं.

पऱ्हाटी म्हणजे वऱ्हाडाचं जुनं जळतण. कापूस संपला की उपटायची, घरामागं रचायची, वर्षभर चुलीला. काहीच वाया जात नव्हतं. मग 2016 मध्ये उज्ज्वला आली, घरोघर सिलिंडर गेलं. आता ते महाग पडतं म्हणून अंघोळीचं पाणी, गुरांचा चारा-आंबोण आणि पुष्कळ घरी भाकरीही परत चुलीवर आली. काही शहाणे लोक लिहितात की चूल हीच खरी पर्यावरणपूरक. त्यांनी एकदा बंद खोलीत पऱ्हाटी पेटवून दोन तास बसावं. चुलीच्या धुरानं आमच्या मागच्या पिढीतल्या बायांचे डोळे गेले, छाती गेली. मी गॅस सोडा असं कोणाला सांगणार नाही.

आणि पऱ्हाटीचा ढीग आता पूर्वीसारखा निरुपद्रवी राहिला नाही. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या बोंडांत आणि वाळलेल्या कवड्यांत दबा धरून बसते. 2017 मध्ये तिनं विदर्भात काय केलं ते विसरायला काळ झाला नाही. घरामागं रचलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेलं बियाणं, अळीचं. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा गावाजवळ ठेवू नका. जी जळतणाला ठेवायचीच आहे तिची बोंडं आधी वावरातच काढून टाका. मेंढ्या बसवल्या तर त्या उरलेली बोंडं साफ करतात आणि लेंड्याचं खतही मिळतं. बाकीची श्रेडरनं बारीक करून मातीत मिळवा. वावरातच पेटवून देऊ नका. पेटवलं की धूर गावात आणि मातीचं अन्न हवेत.

गॅस वाचवायचा असेल तर त्याची सवय भांड्यात आहे. आपल्याकडे तुरीच्या डाळीचं वरण रोजचं. डाळ अर्धा तास आधी भिजत घातली तर लवकर शिजते. गंजावर झाकण ठेवा. कुकरची शिट्टी झाली की आच कमी करा. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवूच नका, मार्च ते ऑक्टोबर आपल्याकडे काळ्या टाकीतलं पाणी उन्हानंच तापतं, उलट ते अंगावर घेववत नाही. यात कोणाचंच काम वाढत नाही.

उन्हाचं निघालंच आहे तर कूलरचं बोलतो. अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो आणि त्या दिवसांत कूलर चैन नाही, हे मान्य. पण मोठा पत्र्याचा कूलर रात्रभरात साठ-सत्तर लिटर पाणी पितो, खारं पाणी घातलं तर महिनाभरात ताट्यांवर पांढरा थर चढतो. दोन कामं केली की त्याची गरज काही तासांनी कमी होते. एक, छपरावर मार्चमध्ये चुना मारा, पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. दोन, पश्चिमेच्या भिंतीला सावली करा. तुऱ्हाटीचा ताटवा उभा केला तरी चालतं. खर्च नाहीसारखाच आणि काम एका रविवारचं. जुन्या मातीच्या भिंती आणि कवेलूच्या घरात हे आपोआप होत होतं. टिनाच्या घरात ते करावं लागतं.

लग्नसराईचं थोडक्यात. पळसाच्या पानाची पत्रावळ गेली, थर्माकोल आला, त्यावर बंदी आली, आता कागदाला आतून प्लास्टिक लावलेली ताटं आली. पंगतीत वाढणारा विचारून वाढायचा, म्हणून ताटात उरत नव्हतं. बुफेत माणूस रांगेत परत उभं राहायच्या भीतीनं डोंगर वाढून घेतो. मला पंगत आवडते. गावातल्या पोरांनी वाढायला उभं राहायचं ठरवलं तर ती परत येईल, नाही तर नाही.

आता एक आक्षेप मला दरवेळी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. मोठमोठे कारखाने नदीभर पाणी वापरतात आणि आम्ही गुंडभर वाचवून काय होणार? अप्पर वर्धाचं पाणी नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाला द्यायचं की शेतीला, यावर अमरावतीत आंदोलन झालं तेव्हा प्रश्न गुंडांचा नव्हताच. वरुड-मोर्शीकडे संत्र्यासाठी बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजल उपसून गेलं, तेही घरातली चावी बंद करून भरून येणार नाही. 2016 मध्ये वॉटर कपला पहिल्या तीन तालुक्यांत वरुड होता. तिथं लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, सगळ्या गावानं मिळून. ते काम वेगळ्या मापाचं.

तेव्हा घरातल्या सवयीनं नदी वाचेल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की छपराचं पाणी साठवलं तर माझ्या घरचं पिण्याचं भागतं, पोतं लावलं तर माझ्या वावरात पन्नी येत नाही, बोंडं काढली तर माझ्या कपाशीवर अळी कमी येते. जगाचं भलं झालं तर चांगलंच आहे. पण आधी माझ्या घरच्या बाईची एक खेप वाचते, ते मला पुरतं.

मृगाला अजून तीन महिने आहेत. पन्हाळ बसवायची असेल तर छपराचा उतार आत्ताच पाहून ठेवा, मे महिन्यात मिस्त्री सापडत नाही आणि टाकीचे भावही चढतात. टाकीला ओटा दोन फूट उंच घ्या म्हणजे खालून गुंड लागतो. कोणाला हिशोब करून हवा असेल तर छपराची लांबी-रुंदी आणि घरात माणसं किती ते लिहून पाठवा, मी रात्री बसून काढून देतो. हरभरा घरात आला की त्याच्या उताऱ्याची नोंद टाकतो.